न भुंकणारी अल्सेशियन

गावठी कुत्र्याला जात नसते, असं कुणी आमच्या सासऱ्यांसमोर म्हणून बघायला हवं होतं. हातातली बशी खाली ठेवून ते त्या माणसाकडे असं बघायचे की बिचाऱ्याला स्वतःच्याच कुळाची शंका यावी. "गावठी हीच खरी जात हाय," ते म्हणायचे. "बाकी सगळ्या मागाहून आल्या." मग पुढचा अर्धा तास पाहुण्याची सुटका नसायची.

मी ठाण्याची. सत्तरचं साल नुकतंच सरलं होतं तेव्हा लग्न होऊन वळ गावाच्या बाजूच्या एका खेड्यात आले, भिवंडीहून सायकलवर जाता-येता येईल एवढ्या अंतरावर. माझ्या माहेरी कुत्र्यांच्या दोनच जाती होत्या, चावणारी आणि न चावणारी, आणि दोन्ही दिसल्या की मी रस्ता बदलायची. तर अशी मी, हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर, माप ओलांडायला सासरच्या उंबऱ्याशी उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप आणि मापाच्या पलीकडे एक तपकिरी गावठी कुत्रा आडवा पसरलेला. करवल्या थांबल्या, भटजी थांबले, ताशेवालेसुद्धा थांबले. कुणीतरी काठी उगारली तसे सासरे पुढे आले. "हात लावायचा न्हाय. तो बघतोय. त्याचं घर हाय, बघू दे त्याला." कुत्रा सावकाश उठला, माझ्या शालूचा काठ हुंगला, शिंकला आणि बाजूला झाला. आमच्या गावच्या बायका अजून म्हणतात, हिला या घरात कुत्र्यानं पास केलं.

सासऱ्यांचं एक शास्त्र होतं. रंग, कान, शेपूट याला ते विचारत नसत. कुत्र्याला कसली काळजी लागून राहते ते बघायचं, म्हणजे जात कळते, असं त्यांचं म्हणणं. गावठीला काळजी घराच्या अब्रूची. आमच्या दारात भांडण लागलं की तो तपकिरी मध्ये जाऊन उभा राहायचा. शेजारच्या दारात लागलं की पंजांवर हनुवटी टेकून निवांत ऐकायचा. उरलंसुरलं फेकलं तर तोंड लावत नसे. वाकून खाली ठेवलं तर खायचा. मला आधी हसू यायचं, पुढे मीही वाकून ठेवायला लागले.

हे सगळं सांगायचं कारण आमची अल्सेशियन. तिला घरातून घालवायचं ठरलं होतं, आणि ती गेली असती तर सासऱ्यांचं त्यांच्या लूमच्या कारखान्यात पाऊल टाकणंच बंद झालं असतं. पण बाकीच्यांचं आधी सांगते, नाहीतर तिची थोरवी कळायची नाही.

भात कापून झालं की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आमच्याकडे उतरायचे. रिकाम्या शेतात त्यांचा कळप बसवायचा म्हणजे जमिनीला लेंड्यांचं खत आयतं मिळतं, बदल्यात त्यांना भात द्यायचं. त्यांच्याबरोबर त्यांची कुत्री असायची, उंच, सडपातळ, हाक मारली तरी मान न वळवणारी. मी एकदा तांदळाची भाकरी टाकली तर त्यातल्या एकानं भाकरीकडे बघितलं, मग धन्याकडे, मग मेंढरांकडे, आणि जागचा हलला नाही. धनी 'घे' म्हणाला तेव्हा खाल्ली. बाई गं, आमच्या घरात माणसांना एवढं वळण नव्हतं!

सासऱ्यांचा जीव त्या जातीवर जडला. पिल्लू मागितलं तर धनगर म्हणाला, "पिल्लू न्या की. पर त्याला मेंढरं कुठनं देनार?" सासऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. पिल्लू मोठं झालं आणि कामाला लागलं. आधी कोंबड्या गोळा केल्या, मग शेजाऱ्यांची बकरी, मग लगोरी खेळणारी पोरं; सगळ्यांना अंगणाच्या एका कोपऱ्यात कोंबायचं आणि समोर पहारा देत बसायचं. एकदा तर विहिरीवर निघालेल्या बायकांना कळशांसकट वळवून आणलं. त्यातली एक आमची चुलतसासू होती, तिनं जे तोंड सोडलं ते इथे लिहिता येणार नाही. धनगरी कुत्र्याची काळजी एकच, आपल्यातलं कुणी कमी तर नाही ना. पुढच्या हिवाळ्यात कळप आला आणि गेला, त्याच्याबरोबर आमचं कुत्रंही गेलं. दोरी नव्हती, ओढाताण नव्हती. सासरे बांधावर उभं राहून बघत होते. "लेक सासरी गेली म्हणायचं," एवढंच बोलले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मग आलं पॉमेरियन. माझी नणंद कल्याणला दिलेली, ती बाळंतपणाला माहेरी आली आणि बरोबर हे घेऊन आली. त्या काळात शहरात जरा पैसा आला की घरात फ्रिजच्या आधी पांढरं पॉमेरियन यायचं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा कुत्रा हाय का पावडरचा पफ?" ते रेडिओवरच्या बातम्यांवर भुंकायचं, आरशावर भुंकायचं, आमच्या तपकिरी गावठीच्या नाकासमोर जाऊन भुंकायचं. अंगापेक्षा तोरा मोठा. आपला कुणी अपमान तर केला नाही ना, एवढीच काळजी. मीही नाक मुरडलं.

पण चुलीमागे घूस शिरली तेव्हा सगळ्यांची परीक्षा झाली. घूस म्हणजे मांजराएवढी, दात विळ्यासारखे. गावठ्यानं तोंड फिरवलं, माझ्या नवऱ्यानं तर घराबाहेरच काहीतरी काम काढलं. तो पावडरचा पफ मात्र चुलीमागच्या राखेत सरळ आत घुसला. आत काय झालं देव जाणे. घूस मागच्या दारानं पळाली आणि कोळशासारखं काळं झालेलं पॉमेरियन शिंकत बाहेर आलं, अजून भुंकतच. त्या दिवसापासून सासूबाई त्याला मासळी काटे काढून भरवायच्या. आपल्या मुलांनाही त्यांनी कधी काटे काढून दिले नव्हते. नणंद बाळ घेऊन परत निघाली तेव्हा सासूबाई नक्की कुणासाठी रडत होत्या यावर आमच्यात मतभेद आहेत.

डॉबरमन आमच्याकडे नव्हता, शहरात एका शेठच्या बंगल्यावर होता. सासरे तरुणपणापासून त्या शेठच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला जायचे. पावसाळ्यात शेत, बाकीचे महिने लूम. कुत्रा काळा, चकचकीत, चेहरा असा की घरी आत्ताच तार आली आहे. त्यानं बंगल्यातल्या आचाऱ्याला आपला मानला होता आणि बाकी जग परकं. शेठला स्वतःच्याच बंगल्यात शिरायचं तर फाटकातून आचाऱ्याला हाक मारावी लागे. लोक हसायचे. सासरे हसत नसत. "त्याचं काय चुकलं? डॉबरमन एकालाच निवडतो. शेठनं आपल्या हातानं जेवाण घातलं असतं तर शेठला निवडलं असतं."

आता आमची.

तेव्हा जर्मन शेफर्ड कुणी म्हणत नसे. अल्सेशियन म्हणायचे, नाहीतर सरळ पोलिसाचा कुत्रा. सासऱ्यांनी शेठचं काम सोडून जुन्या लूम घेतल्या आणि घरामागे पत्र्याच्या छपराखाली स्वतःचा छोटा कारखाना टाकला. त्याच सुमाराला गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना हे पिल्लू दिलं, सुताचे कोन, म्हणजे गुंडाळ्या, येतात त्या खोक्यात घालून. सासूबाईंनी खोक्यात डोकावून बघितलं. "पंजे बघा मेलीचे! माझ्या चुलीपाशी एवढं जनावर न्हाय चालायचं." म्हणून ती कारखान्यात गेली, आणि तिथेच वाढली.

ज्यांनी लूमचा कारखाना बघितला नाही त्यांना कसं सांगू? लूम सुरू असली की आमच्या घरात मांडणीवरची भांडी थरथरायची. घरातली सगळी माणसं ओरडूनच बोलायची. नवीन पाहुण्याला वाटायचं, आपण भांडणात येऊन पडलो. आणि कारखान्याच्या आत तर ओरडूनही उपयोग नाही. कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी तेलंगी, कुणी आमच्याच गावचा, पण आत गेलं की सगळ्यांची भाषा एक, हातांची. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाकडे नेला की चहा. हे पिल्लू तीच भाषा शिकलं. तोंडानं 'बस' म्हटलं तर ढिम्म. तळहात खाली केला की बसायची. बोट वाकवलं की यायची. आणि भुंकायची नाही, कधीच नाही. त्या खडखडाटात भुंकून ऐकणार कोण?

नाव असं ठेवलं नव्हतं. सासरे 'बाय' म्हणायचे, आमच्याकडे लेकीबाळींना म्हणतात तसं. मलाही तसंच म्हणायचे. त्यामुळे 'ए बाय' अशी हाक आली की मी दारातून डोकवायची आणि ती बसल्या जागी बसून राहायची.

अल्सेशियन फार आज्ञाधारक असतात, असं लोक म्हणतात. मला नाही पटत. आज्ञाधारक माणूस कुणी सांगेल याची वाट बघत बसतो. ही वाट बघत नसे, ही काम शोधायची. खाली पडलेली सुताची बॉबिन उचलून कारागिराच्या पायाशी ठेवायची. चहावाला पोचला की ज्याची पाठ असेल त्याला जाऊन ढुशी द्यायची. रिकामी बसली की अस्वस्थ व्हायची, उगाच दारापर्यंत जाऊन परत यायची. एक कारागीर सासऱ्यांना म्हणाला, "चाचा, इसकी भी शिफ्ट लगा दो." ज्या जातीला काम नसण्याचीच काळजी वाटते तिला काय म्हणावं? मी तर तिला हात जोडले.

तिनं शोधलेलं सगळ्यांत मोठं काम मला एका शुक्रवारी कळलं. शुक्रवारी लूम बंद असायच्या. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. सासरे अंगणात माझ्याकडे पाठ करून धोटा घासत बसले होते. धोटा म्हणजे लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी तुकडा. मी त्यांच्या मागून भरलेला हंडा घेऊन निघाले आणि हंडा हातातून सटकला. पितळेचा हंडा, खाली शहाबादी फरशी! कावळे उडाले, शेजारीण भिंतीवरून डोकावली. सासरे हलले नाहीत. धोटा घासतच राहिले.

बाय उठली. ओल्या फरशीवरून सावकाश चालत त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या मनगटाखाली नाक घालून हात वर उचलला. त्यांनी वळून बघितलं. पाणी, हंडा, माझा चेहरा.

"आवाज मोठा झाला का गं?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मान डोलावली. त्यांनी मला समोर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. आयुष्य लूममध्ये गेलं, कान केव्हाचे गेले होते. तोंडासमोर कुणी मोठ्यानं बोललं तर कळायचं, ओठ बघूनही पुष्कळ कळायचं. पाठीमागचं जग मात्र बंद झालं होतं, आणि ते आता ही कुत्री सांभाळायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला. कुणी हाक मारली, कुणी मागून आलं, की नाकानं हात उचलायचा. "पोरांना सांगू नको," ते म्हणाले. "पोरं मला ओट्यावर बसवतील."

बसवलंच असतं. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या कारागिराला मागून मारलेली हाक ऐकू आली नाही आणि त्याचा हात लूमच्या चालत्या पट्ट्यात गेला होता. तेव्हापासून माझा नवरा आणि धाकटा दीर, दोघांचं एकच पालुपद, वय झालेल्यांनी लूमपाशी उभं राहू नये.

"पण बाबा, घरी बसलात तर आराम..." मी म्हणायला गेले.

"आत लूम चालू असली की सगळेच बहिरे," ते म्हणाले. "तिथं मी कुणापेक्षा कमी न्हाय. घरात आलो की कमी होतो."

मी शब्द दिला. भीती वाटली नाही असं नाही; पुढे कितीतरी दिवस चहाच्या निमित्तानं मी कारखान्यात डोकवायची. बाय त्यांच्या पायाला टेकलेली असायची. ते पट्ट्याच्या बाजूला झुकले की ती मध्ये येऊन उभी राहायची, आणि ते मागे सरल्याशिवाय हलायची नाही. नर्स ठेवली असती तरी एवढं झालं नसतं. हळूहळू माझी भीती गेली.

आणि सासूबाई? "आईंना तरी सांगा," मी एकदा म्हटलं. सासऱ्यांनी नाही म्हणून जोरात मान हलवली. बायकोसमोर कमीपणा नको, दुसरं काय. आमच्या भागात नवरा उत्तर देत नाही याचा अर्थ एकच, तो रागावलाय. लूमवाल्याच्या घरात सगळेच ओरडतात, त्यात कुणाला ऐकू येत नाही हे कळायचं कसं? बायला घरात मज्जाव, त्यामुळे आत त्यांचा हात उचलणारं कुणी नव्हतं, आणि सासूबाई पाठमोऱ्या माणसाशी बोलत राहायच्या, आमटीत मीठ बरोबर आहे का, धाकट्यासाठी मुलगी बघायला जायचं का, आणि उत्तर नाही आलं की ओठ आवळून आत निघून जायच्या. अलीकडे त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नसे. मी ऐकायची आणि मूग गिळून भांडी घासायची.

आमचा तपकिरी गावठी तोवर म्हातारा होऊन गेला होता, आणि अशात शेजारच्या कारखान्यात चोरी झाली. सकाळी उठून बघतात तर विणलेले तागे गायब. चोर आमच्याच भिंतीला लागून गेले होते, पावलं उमटली होती, आणि आमची कुत्री भुंकली नव्हती. झालं! सासूबाईंच्या हाती कोलीतच मिळालं. "भुंकत न्हाय ती कुत्री कसली? कानामागून आली आनि तिखट झाली. दिवसभर मालकाच्या पायाशी लोळायचं, रातची ड्युटी करायची न्हाय!" अंजूरला त्यांचा भाऊ होता, त्याच्या मळ्यात पेंढ्याच्या उडव्या असायच्या, त्याला राखणीला मोठं जनावर हवंच होतं. तो अल्सेशियन नेईल, बदल्यात एक भुंकणारं गावठी देईल, असं ठरलं. माझ्या नवऱ्यानंही मान डोलावली.

हे सगळं सासऱ्यांच्या तोंडासमोर सांगितलं गेलं तेव्हा ते "न्हाय" म्हणाले.

"का न्हाय? कारण सांगा," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. कारण दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं. ते उठून कारखान्यात गेले.

तरी सासूबाईंच्या निरोपावरून अंजूरचे मामासासरे शुक्रवारी आले, गवताच्या टेम्पोतून, हातात नवी दोरी घेऊन. सासरे अंगणात घराकडे पाठ करून बसले होते, पायाशी बाय. नवरा आणि दीर दोघंही बाहेर गेले होते, तेवढीच देवाची कृपा. मामांनी दोरीचा फास केला आणि लांबूनच हाक मारली. "ये, ये, यू यू!" बायनं कान हलवला. मामांनी टाळ्या वाजवल्या, शीळ घातली. तिनं दुसरीकडे तोंड केलं.

"अक्का, ही बहिरी हाय का काय?" मामा हसत म्हणाले. मी सुपातले तांदूळ उगाच जोरात पाखडायला लागले.

सासूबाई दारात आल्या. "अवो, ऐकलंत का? भाऊ आलाय." सासऱ्यांची पाठ तशीच. "अवो!" काही नाही; बायचं लक्ष मामांच्या दोरीवर. भावासमोर असा अपमान. त्यांचा चेहरा लाल झाला आणि बांध फुटावा तसं त्या बोलायला लागल्या. "बघितलंस ना? हे असं हाय. मी बोलायचं आनि भिंतीनं ऐकायचं. सणाला ईचारलं, उत्तर न्हाय. मी आजारी पडले, मरते की काय वाटलं, रातभर बोलत होते, मागं वळून बघितलं न्हाय. माणसापरीस ती कुत्री जवळची! एवढं काय केलं वो मी तुमचं? एकदा सांगा तरी!" शेवटी आवाज फाटला त्यांचा. सासूबाईंना रडताना मी तोवर फक्त नणंदेच्या पाठवणीला बघितलं होतं.

मामांच्या शिट्ट्यांनी जी हलली नव्हती ती बाय तेव्हा उठली. तिनं दाराकडे, सासूबाईंकडे नीट बघितलं. मग वळली, सासऱ्यांच्या मनगटाखाली नाक घातलं आणि हात वर उचलला.

सासऱ्यांनी वळून बघितलं. बायकोला दारात बघून त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"अगं! तू कधी आलीस?"

सासूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी पदर उचलून तोंडासमोर धरला, डोळे पुसतात तसा, आणि पदराआडून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "घराला आग लागलीय म्हणते मी."

"बरं, बरं," सासरे हसून म्हणाले. "बघू उद्या."

मामा खो खो हसायला लागले, त्यांना वाटलं दाजींनी चेष्टा केली. सासूबाई हसल्या नाहीत. पदर तसाच धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग कुत्रीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. मग नाक पुसलं.

"दोरी ठेव ती," त्या भावाला म्हणाल्या. "जेवून जा. कुत्री न्हाय मिळायची."

"का गं? कालपरवापर्यंत तर..."

"तिला इथं ड्युटी हाय."

मामांना जेवायला वाढलं, सुक्या कोळंबीचे सोडे घातलेली वांग्याची भाजी, भात, सगळं. त्यांनी दोनचारदा विचारलं, काय झालं ते सांग. सासूबाईंनी आणखी भात वाढला. मामा टेम्पोत बसून गेले तेव्हा त्या चुलीपाशी येऊन बसल्या, माझ्याकडे न बघता.

"पोरांना सांगायचं न्हाय, समजलं? बसू दे म्हाताऱ्याला त्याच्या लूमपाशी."

"हो आई."

लाकूड आत सरकवलं, धूर झाला, पुन्हा डोळे पुसले. मला वाटलं आता नवऱ्याला शिव्या घालतील, लपवलं म्हणून. त्यांनी फुंकणी उचलली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, म्हाताऱ्याचं माझ्यावरनं मन उडालंय."

त्या बोलतच राहिल्या. एवढी वर्षं, म्हणाल्या, रोज सकाळी उठून हेच मनात यायचं, की काय चुकलं आपलं. आणि कुणाला विचारायची सोय नाही. माणूस तर समोर बसलेला.

संध्याकाळी त्या उठल्या, केस सारखे केले, अंगणात गेल्या. सासरे तिथेच बसले होते. सासूबाई फिरून त्यांच्यासमोर गेल्या आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा फतकल मारून बसल्या. लग्नानंतर दिवसाउजेडी नवऱ्याच्या एवढ्या जवळ त्या कधी बसल्या असतील असं मला वाटत नाही. आणि त्यांनी सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून. सणाचं, आजारपणाचं, आमटीतल्या मिठाचं, भावाच्या मुलीच्या लग्नाला गेला नाहीत त्याचं. एकेक शब्द तोंडासमोर, मोठ्यानं, हात नाचवून. सासरे डोळे बारीक करून त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "लग्नाला मी गेलो होतो! तूच रुसून घरी बसली होतीस." सासूबाईंनी कपाळाला हात मारला. "मी? मी रुसले होते?" आणि जे सुरू झालं ते सुरूच झालं. कितीतरी वर्षांत त्या घरात दोघांचा एकत्र आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. शेजारीण भिंतीवरून डोकावली तर मी तिला हातानंच आत जायला सांगितलं.

अंधार पडेपर्यंत ते दोघं भांडले. मी मध्येच चहा नेऊन ठेवला. बाय दोघांच्या मध्ये पाय पसरून गाढ झोपली होती, आणि तिला उठवायची कुणालाच गरज पडली नाही.